लग्नपत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

बावीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी माझ्या बायकोशी खोटं बोललो. "त्या शब्दांच्या चिठ्ठ्या कुठायत?" असं तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, "गायकवाडला दिल्या. त्याचीही परीक्षा आहे." चिठ्ठ्या गायकवाडकडं नव्हत्या. बँकेत माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, मिठाईच्या खोक्यात, सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. मला त्या लागत नव्हत्या, माझी परीक्षा होऊन पंधरा दिवस झाले होते. मंगलला लागत होत्या, म्हणून मी त्या दिल्या नाहीत.

एवढं वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. सोलापुरात एप्रिल लागला की तसंही दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. माठातलं पाणी पोटात पोचेपर्यंत घाम होऊन बाहेर येतं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, बंद खिडक्या, दुपारी बारानंतर ओस पडलेली गल्ली. आमच्याकडं वर्षाची ज्वारी भरायचे दिवस आणि परीक्षांचे दिवस एकाच वेळी येतात. माढ्याहून, माझ्या गावाहून, शाळूची पोती येऊन पडतात. ती उघडली की घरभर एक बारीक, खाजरी धूळ उडते. ती मानेला चिकटते, घशात बसते. त्या धुळीचा वास आला की मला अजून परीक्षेची भीती वाटते. पन्नाशी उलटली, आता माझी कोण परीक्षा घेणार?

यंदा परीक्षा ऋतुजाची, आमच्या लेकीची. तिला पुढं शिकायला परदेशात जायचंय आणि त्या परीक्षेत इंग्रजीचे अवघड शब्द विचारतात. ती जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसते. पडद्यावर शब्द येतो, बोट लावलं की पान उलटतं आणि अर्थ येतो. येत असला तर हिरवी खूण, नसला तर लाल. दिवसाला पन्नास. त्या दिवशी मंगल खाली फरशीवर ज्वारी निवडत बसली होती. मी सोफ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. मोबाइलमधली बाई म्हणाली, "ऑब्ड्युरेट."

ऋतुजा पुटपुटली, "ऑब्ड्युरेट... ऑब्ड्युरेट... अरे यार, कालच केला होता की हा!"

"तो बैल," मंगल म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

"कुठला बैल?"

"हट्टी गं. कितीबी समजावून सांगा, आपलंच खरं करणारा. अकलूजला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसला होता आमचा बैल, गाडीसकट. मागं पन्नास गाड्या खोळंबल्या. शेपूट पिरगाळलं, पाणी मारलं, उठतोय कुटं!"

ऋतुजानं पडद्यावर बोट लावलं. मग मोबाइल खाली ठेवून आईकडं बघत राहिली. "आई, तुला कसं काय माहीत?"

"तुझ्या बाबांच्या परीक्षेला शब्द मीच विचारायची की."

"मग तू कधी शिकवायला का नाही गेलीस? बाबा म्हणतात, तेव्हा गल्लीतल्या शाळेतनं बोलावणं आलं होतं, पण तुलाच नको होतं."

मंगलनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "भ्याले असंन," ती म्हणाली.

मी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. त्या पानावर काय छापलं होतं ते आज मला आठवत नाही. वीसएक मिनिटं मी त्याच पानाकडं बघत होतो.

तो उन्हाळा आता मला कुठूनही आठवू लागतो. बँकेतून सात रस्ता चौकावरून पायी घरी येताना उन्हानं मऊ झालेल्या डांबराला चप्पल चिकटायची आणि सुटताना चट् असा आवाज यायचा. त्या चालीवर मी शब्द म्हणत यायचो. फ्रूगल, चट्, काटकसरी. इन्सिपिड, चट्, बेचव. मी तेव्हा बँकेत क्लार्क होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. जवळच्याच एका गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. अधिकारी व्हायचं तर परीक्षा होती आणि तिच्यात इंग्रजीचा पेपर होता. बाकी सगळं मला यायचं. इंग्रजी म्हटलं की हात ओले व्हायचे. वरच्या ऑफिसातून फोन येणार असला की काय बोलायचं ती वाक्यं मी आधी कागदावर लिहून ठेवायचो. पलीकडच्यानं मधेच वेगळं काही विचारलं की "लाइन क्लिअर नाही" म्हणून फोन ठेवायचो.

चिठ्ठ्यांची कल्पना माझी, कागद मात्र मंगलनं काढले. लग्नसराई होती. रोज एकदोन लग्नपत्रिका येऊन पडायच्या. तिनं त्यांचे जाड कागद कात्रीनं सारखे कापले. कोऱ्या बाजूला मी शब्द लिहायचो. छापील बाजूला, उरलेल्या जागेत, ती तिच्या गोल अक्षरात अर्थ लिहायची. त्यामुळं उदार मनाच्या मॅग्नॅनिमसच्या पाठीवर कुणाचातरी अर्धा गणपती असायचा आणि गॅरुलसच्या पाठीवर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं असायचं. परीक्षेपर्यंत आठ-नऊशे चिठ्ठ्या झाल्या. बुंदीच्या लाडवांच्या खोक्यात त्या ठेवायचो, म्हणून सगळ्या इंग्रजी शब्दांना तुपाचा वास होता.

पद्धत अशी होती. मी संध्याकाळी हातपाय धुऊन खाटेवर बसायचो. ती समोर ज्वारीचं सूप मांडीवर घेऊन बसायची. चिठ्ठी उचलायची, शब्द वाचायची, मी अर्थ सांगायचो, ती उलटून बघायची. बरोबर असला तर चिठ्ठी खोक्यात, चुकला तर सुपाशेजारी. बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, अकलूजजवळच्या वस्तीवरची मुलगी. सुरुवातीला ती एकेक अक्षर लावून वाचायची आणि वाचून झालं की स्वतःच हसायची. "ह्यो काय शब्द म्हणायचा? तोंडात खडा आल्यागत वाटतंय."

मला शब्द लक्षात राहीनात तेव्हा तिनं तोडगा काढला. ती शब्दाला माणूस जोडून द्यायची. गॅरुलस म्हणजे तिची थोरली मावशी. "तिला नुसतं 'कशी हायस' म्हणा, पावसाळ्यापासनं सांगत येती." फ्रूगल म्हणजे माझी आई. एका काडीत चूल, दिवा आणि उदबत्ती पेटवणारी. इन्सिपिड म्हणजे माझ्या कॉलेजच्या वसतिगृहातली आमटी. तिनं ती कधी खाल्ली नव्हती, माझ्याकडून नुसती ऐकली होती. ऑब्ड्युरेट म्हणजे तो बैल. अशी हळूहळू आमच्या दोन खोल्यांत सगळी वस्ती येऊन राहिली. एका शब्दाला मात्र तिला माणूस सापडला नाही. रिमॉर्स. आपल्या हातून घडलेलं आतून कुरतडणं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "असं कुणी बघितलं न्हाय मी. चुकलेली लई बघितली. ह्यो तसाच पाठ करा."

महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं की ती चिठ्ठी उलटत नाही. शब्द वाचायची, माझं उत्तर ऐकायची आणि सरळ खोक्यात टाकायची किंवा बाजूला ठेवायची. पाठीमागं बघायची तिला गरजच उरली नव्हती. मी एकदा मुद्दाम चुकीचा अर्थ सांगितला. ज्वारीवरची नजरही न काढता ती म्हणाली, "न्हाय. तो आदल्याचा झाला." मला कौतुक वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं आणि त्याला नाव द्यायचं मी टाळलं.

मग एका रविवारी गायकवाड घरी आला. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी, तोही पुढच्या खेपेला परीक्षेला बसणारा. सोबत इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन आला होता. आम्ही अग्रलेख वाचत होतो. "प्रिकेरिअस म्हणजे काय रे?" त्यानं विचारलं. शब्द मी केलेला होता, नक्की केलेला होता. मी छताकडं बघितलं. पंखा फिरत होता. आतून चहा गाळता गाळता मंगल म्हणाली, "डळमळीत. कधी पडंल सांगता येत न्हाय असं. उसानं भरलेली गाडी चढावर असती तसं."

गायकवाड मांडीवर हात मारून हसला. "अहो वहिनी, ह्यांना राहू द्या घरी ज्वारी निवडायला, परीक्षेला तुम्हीच बसा की!"

"बसवा की मग!" मंगल आतून म्हणाली. तीही हसत होती. मीही हसलो. माझं हसू सगळ्यांत मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी खोका मी बँकेत नेला. "घरी गलका असतो, ऑफिस सुटल्यावर तिथंच तासभर बसून करीन," म्हणालो. आमच्या घरात कुठला गलका? दोघंच तर होतो आम्ही. ती "बरं" म्हणाली. त्या संध्याकाळपासून ती ज्वारी गप्प राहून निवडायला लागली. मी शब्द एकट्यानं म्हणायला लागलो आणि विसरायला लागलो.

परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र मला चिठ्ठ्या आठवल्या नाहीत, माणसं आठवली. मावशी आली, आई काडी जपत आली, बैल काट्यावर बसला. मी भराभर खुणा करत गेलो. त्या दिवशी बाहेर पडताना घरी जाऊन तिला सांगावं असं फार वाटलं. पेपर कसा गेला विचारल्यावर "बरा गेला" एवढंच म्हणालो.

समोरच्या इमारतीत एक बाई राहायच्या. गल्लीच्या टोकाला एक बंगला भाड्यानं घेऊन त्या लहान मुलांची इंग्रजी शाळा चालवायच्या. दुपारी सावलीत खेळणाऱ्या पोरांना मंगल काहीबाही सांगायची, झाडाला इंग्रजीत काय म्हणतात, कावळ्याला काय म्हणतात. बाईंनी ते गॅलरीतून ऐकलं होतं. एक दिवस त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बालवर्गाला मला एक जण हवी आहे. पोरांना तुमचा लळा आहे. सोमवारी शाळेत या. थोडं इंग्रजी बोलून बघू, घाबरायचं काही नाही."

त्याच रात्री, जेवणं झाल्यावर, तिनं मला चिठ्ठ्यांचं विचारलं. "आठ दिवस द्या. नुसत्या चाळल्या तरी धीर येईल मला." आणि मी वर लिहिलं ते बोललो.

का बोललो? याची उत्तरं मी वर्षानुवर्षं वेगवेगळी दिली आहेत, अर्थात स्वतःलाच. घरचं कोण बघणार, उन्हाचं कुठं जायचं, पगार तो किती मिळणार. यातलं एकही खरं नाही. खरं असं आहे की इंग्रजी मी फार घाबरत घाबरत, रांगेत उभं राहून मिळवलेली गोष्ट होती. मंगलला ती ज्वारी निवडता निवडता मिळाली. तिला तिची भीतीच नव्हती, तिला मजा वाटायची. मला खोटं बोलावं लागावं एवढी ती चिठ्ठ्यांवर अवलंबूनही नव्हती, सगळे शब्द तिच्या तोंडी होते. तिला फक्त धीर हवा होता. आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, हे मला माहीत होतं.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर खुर्चीच्या पाठीवर तिची मोरपंखी साडी होती, नेसून सोडलेली. घडी अजून घातली नव्हती.

"गेली होतीस का?"

"न्हाय. डोकं लई दुखायलं होतं."

"बरं झालं," मी म्हणालो. "एवढ्या उन्हात कुठं?"

बरं झालं! बावीस वर्षांत मी बोललेल्या सगळ्या शब्दांतून दोन परत घ्यायची मुभा मिळाली तर मी हे दोन घेईन.

मी पास झालो. पेढे तिनंच गल्लीत वाटले, त्या बाईंच्या घरीसुद्धा. पावसाळ्यात माझं टेबल बदललं. ड्रॉवर रिकामा करताना खोका जुन्या कागदांबरोबर रद्दीत घातला. सुतळीसुद्धा सोडली नाही. पुढं ऋतुजा झाली, बदल्या झाल्या, परत सोलापूरला आलो, जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला. मंगलचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणणार नाही, ती मला म्हणू देणार नाही. इमारतीतल्या बायका तिच्याशिवाय काही ठरवत नाहीत. पण माढ्याला एका लग्नात माझ्या चुलत्यांनी विचारलं होतं, "मंगलला नोकरीबिकरी लावली न्हाईस का रं? हुशार हाय की पोरगी." मी पानावर बसलो होतो. म्हणालो, "आलं होतं बोलावणं. तिलाच नको होतं." ती माझ्यासमोरून वाढत गेली. एकदा बोललेलं वाक्य दुसऱ्यांदा सोपं जातं. मग पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, शेवटी लेकीलाही मी तेच सांगितलं. सांगून सांगून ते आमच्या घराच्या इतिहासात जमा झालं.

मला वाटायचं, मंगल ते विसरली असेल. 'भ्याले असंन' ऐकलं आणि कळलं की ती विसरली नव्हती. तिनं दोष स्वतःकडं घेऊन ठेवला होता. मी लपवलेल्या एका खोक्याचं तिच्याकडं स्वतःबद्दलचं मत झालं होतं.

त्यानंतरचे चार दिवस मी घरात नुसता फिरत होतो. माफी कशी मागायची याची तयारी करत होतो, फोनवरची वाक्यं लिहून ठेवायचो तशी. 'सॉरी' हा शब्द आपण रिक्षात शेजाऱ्याला कोपर लागला तरी वापरतो. 'क्षमा कर' म्हटलं तर ती हसली असती, नाटकातलं वाटलं असतं. पश्चात्तापाचे चार इंग्रजी शब्द मला येतात, चारही परीक्षेसाठी केलेले. त्यातला एकही आमच्या स्वयंपाकघरात चालण्यासारखा नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही निवडलेली ज्वारी कोठीत भरत होतो. मी पोत्याचं तोंड धरलं होतं, ती मधे मधे कडुनिंबाचा पाला घालत होती. ऋतुजा क्लासला गेली होती. मी पोत्याकडं बघतच सगळं सांगितलं. ड्रॉवर, खोका, गायकवाडच्या नावावर सांगितलेलं खोटं, रद्दी.

तिचा हात पाल्यात थांबला. "गायकवाड भावजींना दिल्याच नव्हत्या?"

"नाही."

"तुमच्यापाशीच होत्या? त्या सोमवारीबी?"

"हो."

"परीक्षा तर झाली होती तुमची." ती हळू बोलत होती, हिशोब जुळत नसल्यासारखी. "मग कशाला?"

"तू माझ्यापुढं गेली होतीस. मला ते सोसलं नाही."

ज्वारी कोठीत पडत राहिली. पोतं रिकामं झालं तरी मी ते धरूनच उभा होतो. ती कोठीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "साडी नेसून दारापर्यंत गेले होते मी. कडी काढली. तोंडात एक शब्द येईना. वाटलं, आपल्यात दमच न्हाय. एवढं शिकून दारातनं माघारी फिरले. आजपातूर तेच वाटत होतं." तिनं पदरानं मान पुसली, धूळ पुसतात तशी. "तुमची आई म्हणायची, मंगल बोलाय धीट हाय, पर करायला भित्री. मला ते खरं वाटाय लागलं होतं."

"मंगल, माझं चु..."

"मला नुसतं सांगून भागायचं न्हाय," ती मधेच म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हितं कोठीपाशी, दोघांतच? खोटं तुम्ही चारचौघांत सांगितलं. पोरगी माझ्याकडं कशी बघत होती त्या दिवशी, बघितलं का? उद्या ती परदेशी जाईल. आपली आई भित्री होती, हे गाठीला बांधून जाईल ती. तिला सांगा. माझ्यादेखत."

मी मान हलवली. लेकीच्या नजरेतला बाप जपायची धडपड माझ्यात होती, ती मी त्या क्षणी तिथंच खाली ठेवली असं म्हणालो तर ते खोटं होईल. तिथंच दोन दिवसांची मुदत मागावीशी वाटली होती. मंगलनं पाल्याच्या काड्या गोळा केल्या आणि निघून गेली, म्हणून मागता आली नाही.

त्याच संध्याकाळी ऋतुजा नेहमीप्रमाणे टेबलाशी बसली होती. मंगल ओट्यापाशी मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करत होती. लसणाचा, तिखटाचा वास घरभर झाला होता. मी समोरची खुर्ची ओढून बसलो. मिक्सरच्या आवाजात बोललेलं बरं, असं कुठंतरी मनात होतं. मी सुरुवात केली, "ऋतू, तुझ्या आईच्या त्या नोकरीचं..."

मिक्सर बंद झाला. मंगल मागं वळलीही नाही. "आता बोला," म्हणाली. "मोठ्यानं."

ऋतुजानं मोबाइल पालथा ठेवला. आळीपाळीनं आमच्याकडं बघायला लागली.

"तुझ्या आईला ती नोकरी नको होती असं मी तुला सांगत आलो," मी म्हणालो. "ते खोटं आहे. तिला ती हवी होती. माझ्यापेक्षा तिला जास्त येत होतं आणि ते मला खपलं नाही, म्हणून मी तिचे शब्द लपवून ठेवले आणि तिला खोटं सांगितलं. ती भ्याली नव्हती. मी भ्यालो होतो."

मग मी उठून ओट्यापाशी गेलो. मंगल वळली. तिच्या हाताला चटणी लागलेली होती. मी लिहून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"मंगल," मी म्हणालो, "मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर."